भिंत ओळखावी, मग कॅमेरा बसवावा

मृगाचा पहिला वादळी पाऊस होऊन गेल्यावर सकाळी शहापूरच्या वा मुरबाडच्या बाजारपेठेतून फेरी मारावी, एक दृश्य कोठे ना कोठे दिसतेच. दुकानावरच्या घराच्या भिंतीला दिवाळीच्या सुमारास हौसेने लावलेला कॅमेरा एका स्क्रूवर लोंबकळत असतो. कोठे त्याने मान टाकलेली असते, कोठे तो थेट आभाळाकडे पाहत असतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याचा दिवा लुकलुकत असतो, फोनवर चित्रही येत असते. मात्र ते चित्र दाराचे नसून ढगांचे असते. पैसा खर्च झालेला असतो, घराला पहारा आहे या समजुतीने मन निर्धास्त असते, आणि प्रत्यक्षात पहारा नसतो. पहारा नसलेले घर निदान कुलूप दोनदा तपासते. पहाऱ्याचा भ्रम असलेले घर तेवढेही करीत नाही.

व्यापारी कुटुंबाला हा भ्रम महाग पडतो. खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड, अशी या दोन्ही तालुक्यांतील जुन्या पेठांची घडण आहे. कर्ते पुरुष मालाच्या खरेदीसाठी कल्याण, भिवंडी वा मुंबईस गेलेले असतात; घरी वृद्ध आई-वडील, सुना आणि लहान मुले असतात. पर्युषणाच्या आठ दिवसांत सायंकाळी सारे घर प्रतिक्रमणासाठी उपाश्रयात जाते आणि नेमक्या दिवेलागणीला दाराला कुलूप लागते. तीर्थयात्रेला निघाले की तेच कुलूप आठ-पंधरा दिवस राहते. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. तेव्हापासून गल्ल्यातील नोटांची जागा बऱ्याच अंशी फोनने घेतली. परंतु गोदामातील तांदळाची पोती आणि तेलाचे डबे काही फोनमध्ये मावत नाहीत. राखण करावीच लागते.

कॅमेरा विकत घेणे आता सोपे झाले आहे. खोक्यातून कॅमेऱ्याबरोबर तीन लहान स्क्रू, तीन प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि छिद्रांच्या खुणा असलेला एक कागद निघतो. कारागिराची वाट पाहण्यापेक्षा घरातील तरुण मुलगा शिडी लावतो व अर्ध्या तासात काम उरकतो. स्वतःच्या हाताने काम करण्यात गैर काहीच नाही. चूक असते ती त्या तीन स्क्रूंवर ठेवलेल्या विश्वासात. ते कोणत्या तरी आदर्श भिंतीसाठी बनलेले असतात. आपली भिंत विटांची असेल, काळ्या दगडाची असेल, सिपोरेक्सची असेल वा पत्र्याची. ती प्रत्येक निराळी बैठक मागते.

आधी जागा

पहिले काम ड्रिल हाती घेण्याचे नाही, फोन हाती घेण्याचे आहे. एकाने योजलेल्या जागी कॅमेरा नुसता धरावा, दुसऱ्याने दारात उभे राहावे आणि तिसऱ्याने फोनवर चित्र पाहावे. प्रश्न एकच विचारावा: चेहरा ओळखू येतो काय? कॅमेरा बारा-चौदा फुटांवर चढवला की तो सुरक्षित राहतो, पण त्याला येणाऱ्याची टोपी व केस दिसतात, चेहरा दिसत नाही. आठ ते दहा फूट ही उंची बहुतेक घरांना मानवते. तेवढ्या उंचीवर सहज हात पोहोचत नाही आणि थोडे खाली झुकवले असता मुद्राही स्पष्ट येते.

ही परीक्षा दिवसातून तीनदा करावी: सकाळी, सायंकाळी आणि रात्री दिवे मालवून. आपल्याकडे पूर्वाभिमुख दार शुभ मानतात. अशा दारावर सरळ समोर पाहणारा कॅमेरा लावला, तर रोज सकाळी सूर्य त्याच्या डोळ्यात येतो आणि आलेला माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो. तेथे कॅमेरा दाराच्या एका बाजूस घेऊन उंबरठ्याकडे तिरपा पाहील असा ठेवावा. रात्रीची गोष्ट वेगळी. अंधारात कॅमेरा स्वतःचा अदृश्य अवरक्त प्रकाश टाकतो. चुन्याने पांढरी केलेली भिंत, छपराची कड किंवा एखादी कुंडी अगदी जवळ असेल, तर तो प्रकाश तेथूनच परततो आणि सारे चित्र धुक्यात बुडते. चौकटीत जवळची पांढरी वस्तू राहू न देणे हाच त्यावर उपाय आहे.

शिडीविषयी एक नियम पाळावा. शिडीचे टोक जेथे टेकते त्या उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाया असावा. म्हणजे आठ फुटांवर टेकलेल्या शिडीचा पाय भिंतीपासून दोन फूट. खाली धरणारा माणूस हवाच. वडीलधाऱ्यांनी मार्गदर्शन अवश्य करावे, पण जमिनीवरून.

मग भिंत

बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला, तर गिलावा विटांपासून सुटलेला आहे असे समजावे आणि वीतभर सरकून पुन्हा ठोकावे.

विटांच्या भिंतीवर बाहेरचा गिलावा सुमारे पंधरा ते वीस मिलिमीटर जाड असतो. खोक्यातील पंचवीस-तीस मिलिमीटरची गिट्टी बव्हंशी त्या गिलाव्यातच अडकते, विटेपर्यंत तिचे जेमतेम टोक पोहोचते. वाऱ्याने कॅमेरा हलू लागला की गिलाव्याचा तुकडा निखळतो आणि त्याबरोबर गिट्टी बाहेर येते. मान टाकलेल्या कॅमेऱ्यांचे रहस्य बहुधा एवढेच असते. हार्डवेअरच्या दुकानातून पन्नास मिलिमीटर लांबीची गिट्टी आणि तिच्या जोडीचा स्क्रू आणावा. सहा मिलिमीटरच्या गिट्टीला सहाचेच पाते वापरावे. छिद्र गिट्टीपेक्षा पाच ते दहा मिलिमीटर अधिक खोल घ्यावे आणि आतील भुकटी फुंकून काढावी, कारण भुकटी राहिली तर गिट्टी पूर्ण बसत नाही. फुंकताना चेहरा बाजूला करून डोळे जपावेत.

आसनगाव व शहापूर परिसरातील नव्या इमारतींत वजनाला हलके सिपोरेक्सचे ठोकळे वापरलेले आढळतात. ते आतून सच्छिद्र असतात. तेथे ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसते फिरते पाते चालवावे, आणि साधी गिट्टी न वापरता अशा ठोकळ्यांसाठी बनवलेली गिट्टी मागून घ्यावी. साधी गिट्टी तेथे आज घट्ट वाटते आणि महिन्याने हाताबरोबर बाहेर येते.

जुन्या वाड्याची भिंत काळ्या दगडाची व चुन्याची असेल, तर दोन मोह टाळावेत. दगडांमधील सांध्यात छिद्र सोपे पडते म्हणून तेथेच स्क्रू मारणे हा पहिला मोह. जुना चुना भुसभुशीत झालेला असतो आणि तो भार धरीत नाही. घाईने दगडावर जोर लावून पाते जाळणे हा दुसरा. दगडात हळूहळू, मध्ये मध्ये पाते थंड होऊ देत छिद्र पाडावे आणि धातूचा अँकर बोल्ट घालावा. दगड लहान-मोठे असतील, तर फूटभर लांबीची लोखंडी पट्टी दोन शाबूत दगडांना बांधून कॅमेरा त्या पट्टीवर बसवावा. शेतघराच्या कुडाच्या भिंतीवर मात्र काहीही टांगू नये. तेथे आधार लाकडी मेढीचा घ्यावा. लाकडात स्क्रूपेक्षा बारीक छिद्र आधी पाडले म्हणजे मेढ तडकत नाही.

कोणतीही भिंत असो, बटणांच्या पाटीच्या सरळ वर वा खाली ड्रिल चालवू नये. भिंतीतील तारांच्या नळ्या बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि भिंतीवर तांबडा ओघळही सोडतो. सर्व बसवून झाल्यावर बैठक हाताने जोर लावून ओढून पाहावी. हातापुढे जी टिकत नाही ती वाऱ्यापुढे काय टिकणार?

कौले, पत्रा आणि खांब

कौलारू घरात वळचणीखाली कॅमेरा लावणे स्वाभाविक वाटते, कारण तेथे पाऊस लागत नाही. परंतु वळचणीखालून बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढे पावसाळाभर पागोळ्यांचा पडदा असतो. रात्री प्रत्येक धार चकाकते, हालचालीचा इशारा क्षणोक्षणी वाजतो आणि तिसऱ्या दिवशी घरातील कोणी तरी कंटाळून तो इशारा बंद करून टाकतो. कॅमेऱ्याच्या वरच्या भागात चार-पाच फुटांची पन्हळ बसवून पाणी बाजूला काढले, तर हा त्रास संपतो. अथवा पागोळ्या जेथे पडत नाहीत अशा छपराच्या त्रिकोणी बाजूच्या भिंतीची निवड करावी.

गोदामाच्या पत्र्यावर कॅमेरा कधीही थेट लावू नये. वाऱ्यात पत्रा थरथरतो, त्याबरोबर चित्र थरथरते, आणि पत्र्याला पाडलेले प्रत्येक छिद्र पुढे गळतीचे ठिकाण होते. पत्र्याखालील लोखंडी कैचीला किंवा अँगलला यू-बोल्टने बैठक आवळावी. तेथे एकही छिद्र पाडावे लागत नाही. चुंबकाच्या बैठकीचे लहान कॅमेरेही मिळतात. जाड लोखंडी अँगलवर ते तात्पुरत्या कामाला बरे. परंतु जे हाताने बसते ते हाताने निघतेही, हे विसरू नये.

भाड्याच्या गाळ्यात मालक भिंतीला छिद्र पाडू देत नाही. तेथे पाण्याच्या लोखंडी नळाला वा गॅलरीच्या कठड्याला स्टीलचा पट्टा आवळून कॅमेरा बसवता येतो. पट्ट्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला, तर तो सरकत नाही. प्लास्टिकच्या टायवर भरवसा ठेवू नये. उन्हाने त्या ठिसूळ होतात.

शेतघराच्या फाटकापाशी भिंतच नसते. तेथे दोन इंची जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जमिनीत दोन फूट गाडून त्याभोवती काँक्रीट भरावे. पाइपचे वरचे तोंड टोपणाने बंद करावे, म्हणजे आत पाणी साचत नाही. बारीक पाइप स्वस्त पडतो, पण वाऱ्यात डुलतो. असा कॅमेरा सौर पट्टीवर चालणारा असेल, तर पट्टीचे तोंड दक्षिणेकडे आणि झुकाव सुमारे वीस अंशांचा ठेवावा, कारण हा प्रदेश साधारण एकोणीस-साडेएकोणीस अक्षांशावर आहे. कॅमेऱ्याने कोठेही पाहावे, पट्टीने मात्र दक्षिणेकडेच. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या करता येतील असाच नमुना घ्यावा. श्रावणातील सततच्या ढगाळ दिवसांत सौर कॅमेऱ्याची बॅटरी उतरू शकते, हे गृहीत धरूनच त्याच्यावर जबाबदारी टाकावी.

पाणी आणि वीज

तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, यावरूनच येथील पावसाची कल्पना यावी. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कॅमेऱ्याच्या वेष्टनावरील आयपी हा आकडा वाचून घ्यावा. त्यातील पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयपी ६६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा जोरदार झोतही बाधत नाही. मात्र हा आकडा कॅमेऱ्याच्या पेटीचा असतो, त्याच्या शेपटीला लोंबणाऱ्या तारांच्या जोडांचा नव्हे. पाणी शिरते ते या जोडांत. म्हणून प्लास्टिकची बंद जोडपेटी भिंतीवर बसवून सर्व जोड तिच्यात ठेवावेत आणि कॅमेरा त्याच पेटीवर चढवावा.

तार घरात नेणारे छिद्र आतून बाहेर उतरते असावे. तार छिद्रात शिरण्यापूर्वी तिला खाली वीतभर झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकून जाते, घरात येत नाही. बैठकीच्या वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरावे आणि खालची कड मोकळी ठेवावी. चारी बाजू बंद केल्या तर आत जमलेल्या दमटपणाला वाट उरत नाही.

वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा अधिक कडाडतात. घराच्या सर्वांत उंच टोकावर कॅमेरा चढवू नये, आणि गडगडाट सुरू होण्यापूर्वी अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवणे श्रेयस्कर. अडॅप्टर नेहमी घरातच असावा. वीज गेली की इंटरनेटचा राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर पहाराही. राउटर व कॅमेऱ्यासाठी लहान बॅटरीची सोय केली, तर काही तास निभावतात.

जयणा

आपल्या घरांतून या कामाला आणखी एक अंग आहे. छिद्र पाडण्यापूर्वी त्या फटीत चिमणीचे घरटे वा मुंग्यांची रांग नाही ना, हे पाहणे ही जयणा कोणास सांगावी लागत नाही. पुढील प्रश्न मात्र नवा आहे. कॅमेऱ्याच्या उबेला आणि उजेडाला कीटक येतात, कीटकांसाठी कोळी येतो, तो काचेपुढे जाळे विणतो आणि वाऱ्याने हलणाऱ्या जाळ्याने रात्रभर इशारे वाजतात. त्यावर कीटकनाशक फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो न मानताही मार्ग निघतो. कॅमेऱ्याचा पांढरा दिवा बंद ठेवून अवरक्त प्रकाशावरच तो चालवावा, म्हणजे किडे पुष्कळ कमी येतात. अंगणातील दिवा कॅमेऱ्याजवळ न ठेवता पाच-सहा फूट दूर लावावा. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, लांब दांड्याच्या मऊ कुंचल्याने जाळे सुरू होतानाच हलकेच बाजूला करावे. कोळी आपण होऊन दुसरी जागा शोधतो. चुकून पाडलेली छिद्रे लगेच पुट्टीने बुजवावीत. ती उघडी राहिली तर कुंभारमाशी त्यांत घर करते आणि पुढे ते मोडण्याची वेळ आपल्यावर येते.

पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते, तेव्हापासून उन्हाळाभर रस्त्यांची व वीटभट्ट्यांची धूळ उडत असते. त्या काळात काच दर पंधरवड्याला मऊ कोरड्या कापडाने पुसावी.

शेजाऱ्याची खिडकी

पेठेतील गल्ल्या अरुंद असतात. आपल्या दारावरील कॅमेरा जरा वर झाला की समोरच्या घराची माडी, तेथील स्वयंपाकघर आणि वाळत घातलेले कपडे चौकटीत येतात. तीन पिढ्यांचे शेजार अशा एका कॅमेऱ्याने दुरावू शकते, आणि ते परत जोडून देणारा कारागीर कोणत्याही दुकानात मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. कायद्याचे हे भान ठेवावेच. परंतु त्याआधी एक साधी रीत पाळावी. कॅमेरा बसवण्यापूर्वी समोरच्या काकांना बोलावून फोनवरील चित्र दाखवावे आणि विचारावे, “काका, तुमचे काही यात येत नाही ना?” बहुतेक कॅमेऱ्यांत चौकटीचा नको तो भाग काळा करून झाकण्याची सोय असते. ती काकांच्या देखत वापरावी. दुकानात लावलेल्या कॅमेऱ्याची सूचना ग्राहकाला दिसेल अशी पाटीही असावी.

घड्याळ

शेवटची बाब लहान दिसते, पण सारे श्रम तिच्यावर अवलंबून असतात. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ जुलै २०२० रोजी त्याचा निकाल लागला. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा तेथील मुद्दा होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण त्यात कळीचे ठरले. चित्रीकरणाची प्रत न्यायालयात द्यायची तर तिच्याबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवे, हेही त्या निकालाने निःसंदिग्ध केले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. सामान्य गृहस्थाने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कॅमेऱ्यातील तारीख व वेळ अचूक लावावी. आणि काही घडलेच, तर चित्रीकरण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याच्या भरात मूळ नोंद पुसली जाऊ देऊ नये. कार्ड वा यंत्र जसेच्या तसे ठेवून पोलिसांना कळवावे. कॅमेऱ्याबरोबर आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, हे वेगळे सांगणे न लगे.

या सर्व कामाला एक दिवस पुरतो. आषाढात चातुर्मास बसतो. तेव्हा भिंती ओल्या असतात, शिडी निसरते आणि पावलोपावली जीवजंतू असतात. म्हणून वैशाख-ज्येष्ठातील एखादा रविवार यासाठी राखावा. लागणारे सामान थोडे आहे: योग्य लांबीच्या गिट्ट्या, स्टीलचे स्क्रू, एक जोडपेटी, सिलिकॉनची नळी आणि शिडी धरणारा भाऊ. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा बैठक ओढून पाहावी आणि फोनवरील चित्र तपासावे. त्यात आपला उंबरठा स्वच्छ दिसत असेल आणि शेजाऱ्याची खिडकी दिसत नसेल, तर काम नीट झाले असे समजून निश्चिंत मनाने प्रतिक्रमणाला जावे.